सिंथेटिक बायोलॉजीत करिअर: आधी कंट्रोल प्लेट, मग पीएचडी

पत्र: आदरणीय सर, मी कागल तालुक्यातली. कोल्हापुरात बी.टेक. बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. सिंथेटिक बायोलॉजीवर सेमिनार दिला आणि तेव्हापासून संशोधनातच जायचं डोक्यात आहे. वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहेत. ते म्हणतात, बायोटेकवाल्यांना नोकऱ्या नाहीत, एमपीएससी कर नाहीतर आयटीत जा. मला विचारायचं आहे की हा विषय शिकवणारा कोर्स कुठं आहे? गेट द्यावी की नेट? कोडिंग किती लागतं? पाच-सहा वर्षं पीएचडीत घालवून पुढं काय? आमच्या कॉलेजात डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन एकच आहे, मग आत्ता मी काय करू शकते?

उत्तर: तुझे पाचही प्रश्न बरोबर आहेत, फक्त क्रम उलटा आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याआधी कोर्सचं उरकून टाकू.

सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे जनुकांचे तुकडे जोडून पेशीकडून ठरवलेलं काम करून घेणं. डिग्रीवर हे नाव छापलेलं असावं, हा हट्ट सोड. हे क्षेत्र उभं केलं त्यांच्यातही कुणाकडे तशी डिग्री नव्हती. जनुकांचे तुकडे नट-बोल्टसारखे प्रमाणित करायची कल्पना मांडणारे टॉम नाइट कॉम्प्युटरचे, ड्रू एंडी सिव्हिल शिकलेले, आणि एन्झाइमची ‘निर्देशित उत्क्रांती’ घडवून २०१८चं नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांची पहिली पदवी मेकॅनिकल-एरोस्पेसची. निवड समितीला ट्रान्सक्रिप्टमधल्या नावापेक्षा तुझ्या हाताला काय येतं आणि आकड्यांवर तुझी पकड किती, यात रस असतो.

सेमिनारमध्ये तू २००० सालच्या ‘नेचर’मधल्या दोन पेपरांचा उल्लेख केला असशीलच: टॉगल स्विच (जनुकांचं चालू-बंद बटण) आणि रिप्रेसिलेटर. दुसरा पुन्हा नीट वाच. एकमेकांना दाबणारी तीन जनुकं गोलात जोडली आणि ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी लुकलुकायला लागल्या, एवढंच स्लाइडवर येतं. पेपरात पुढे आहे की एका आवर्तनाला सरासरी १६० मिनिटं लागत होती, त्यात ४० मिनिटं इकडेतिकडे, आणि ही लय साधारण ४० टक्के पेशींतच दिसली. बाकीच्या पेशी का गप्प बसल्या, हे शोधण्यात पुढे कित्येकांच्या पीएचडी झाल्या. कागदावर सर्किट काढणं हा या कामाचा छोटा भाग आहे. वर्ष जातं ते बांधण्यात, मोजण्यात आणि ‘का चाललं नाही’ हे शोधण्यात. तुझा स्वभाव त्यात रमतो का, हे आत्ताच, एका पीसीआर मशीनवर कळू शकतं.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे कॉम्पिटंट सेल्स, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी, स्वतः बनव, विकतच्या नकोत. ई. कोलायचा डीएच५-अल्फा किंवा तसाच के-१२ कुळातला स्ट्रेन (वाण) घे. ओडी (कल्चर किती गढूळ झालं, याचं माप) ०.३ ते ०.४ झाली की थांबव, बर्फात ठेव, १०० मिलिमोलर थंडगार कॅल्शियम क्लोराइडमध्ये हलक्या हाताने मिसळ. बहुतेक कॉलेजांत इथेच माती होते. ओडी ०.८पर्यंत जाऊ दिलेली असते, सेंट्रिफ्यूज थंड केलेला नसतो, नाहीतर गाळ सुटत नाही म्हणून व्होर्टेक्सवर धरलेला असतो. मग १ नॅनोग्रॅम माहितीतला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं), बर्फात अर्धा तास, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत बर्फात, माध्यम घालून ३७ अंशांवर एक तास आणि शेवटी प्लेटवर.

आता कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून उगवलेले ठिपके, मोज आणि क्षमता काढ, म्हणजे एका मायक्रोग्रॅम डीएनएमागे किती कॉलन्या येतात ते. एकूण १ मिलिलिटरमधले १०० मायक्रोलिटर पसरलेस तर प्लेटवर ०.१ नॅनोग्रॅम डीएनए गेला. त्यावर १२० कॉलन्या आल्या, म्हणजे एका मायक्रोग्रॅमला १२ लाख. साध्या प्लाझ्मिडसाठी एवढं पुरतं. तीन-चार तुकडे गिब्सन पद्धतीने जोडायचे असतील तर दहा कोटींच्या आसपासची क्षमता हवी, आणि नेमकं तेव्हाच विकतच्या सेल्सवर पैसे खर्च करावेत. हा आकडा माहीत नसताना ‘माझं क्लोनिंग (जनुक प्लाझ्मिडमध्ये बसवून पेशीत वाढवणं) होत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कुणीच मदत करू शकत नाही.

प्रत्येक प्रयोगाबरोबर चार कंट्रोल प्लेट्स, म्हणजे तुलनेसाठीच्या, जास्तीच्या ठेव. डीएनए न घातलेल्या पेशी अँटिबायोटिकवर, म्हणजे औषध काम करतंय का ते कळतं. त्याच पेशी अँटिबायोटिकशिवाय, म्हणजे त्या जिवंत आहेत का ते कळतं. माहितीतला प्लाझ्मिड, आणि लायगेज (डीएनए जोडणारं एन्झाइम) न घातलेला कापलेला व्हेक्टर, म्हणजे ज्यात जनुक बसवायचं तो प्लाझ्मिड. या चौथ्या प्लेटवर भरघोस कॉलन्या दिसल्या तर व्हेक्टर नीट कापलाच गेलेला नाही, तुझ्या इन्सर्टला (बसवायच्या तुकड्याला) दोष देऊ नकोस. अँपिसिलिनची प्लेट १६-१८ तासांपुढे इन्क्युबेटरमध्ये ठेवू नये. मोठ्या कॉलनीतून बाहेर पडलेलं बीटा-लॅक्टमेज भोवतीचं औषध संपवतं, आणि कडेला बारीक उपग्रह कॉलन्या उगवतात. त्या उचलून रात्रभर वाढवल्या आणि प्लाझ्मिड निघालाच नाही, ही तक्रार दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बॅचमध्ये असतेच. अगार फार गरम असताना अँपिसिलिन ओतलं तरी ते निकामी होतं. बाटली हाताला सोसवेल इतकी, पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत निवली की मगच घाल.

गुऱ्हाळात गुळव्या काहीलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून ‘आता उतरवा’ म्हणतो, तशी नजर बेंचवरही तयार व्हावी लागते. ती व्हिडिओ बघून येत नाही.

एक गोष्ट मात्र घरी किंवा कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत करायची नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली केलेले नियम जनुकबदल केलेल्या साध्या ई. कोलायलाही लागू होतात. कॉलेजची संस्थात्मक जैवसुरक्षा समिती नोंदलेली आहे का, हे विभागप्रमुखांना विचार. नसेल तर शिवाजी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री असे तिन्ही विभाग आहेत. तिथल्या एखाद्या प्राध्यापकांकडे सहा महिन्यांचा प्रोजेक्ट मिळाला तर पुण्या-मुंबईच्या दोन आठवड्यांच्या ‘सर्टिफिकेट वर्कशॉप’पेक्षा कितीतरी पटीने बरा. त्या वर्कशॉपांना पाच-दहा हजार भरू नकोस. पंधरा जणांत एक पिपेट फिरतो.

दुसरं काम मोजण्याचं, आणि इथे आपली मुलं मार खातात. ओडीचं वाचन साधारण ०.४-०.५पर्यंतच पेशींच्या संख्येच्या सरळ प्रमाणात असतं, त्यापुढे पातळ करून मोजावं लागतं. चकाकी मोजायची तर जीएफपीचं (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं) वाचन ओडीने भागायचं, पण त्याआधी दोन्हींतून माध्यमाचं वाचन वजा करायचं. जीएफपी नसलेल्या त्याच स्ट्रेनची स्वतःची चकाकी किती, हेही बघायचं. आणि तीन पुनरावृत्ती म्हणजे तीन वेगवेगळ्या कॉलन्यांपासून सुरू केलेली तीन कल्चर्स. एकाच फ्लास्कमधून तीन ट्यूबा भरल्या तर तुझ्या पिपेटिंगची चूक मोजली जाते, जीवशास्त्रातला फरक नाही. मुलाखतीत हा एक प्रश्न विचारला की अर्धी खोली रिकामी होते.

कोडिंगबद्दल. पायथन पुरे, आणि तेही नोकरी मिळवायच्या पातळीचं नको. डेटा वाचता यावा, आलेख काढता यावा, दोन-तीन डिफरेन्शियल इक्वेशन्स सोडवता याव्यात. कोब्रापाय नावाची मोफत लायब्ररी टाक आणि ई. कोलायच्या चयापचयाचं छोटं ‘कोअर’ मॉडेल चालव. त्यात ९५ अभिक्रिया आहेत, साध्या लॅपटॉपवर सेकंदात उत्तर येतं. मूळ सेटिंगला, म्हणजे ग्लुकोज १० एकक आणि ऑक्सिजन हवा तेवढा असताना, वाढीचा दर ताशी ०.८७ येतो. ऑक्सिजन शून्य केलास की तो ०.२१वर घसरतो आणि अ‍ॅसिटेट, फॉर्मेट, इथेनॉल बाहेर पडायला लागतं. मग एकेक जनुक बंद करून इथेनॉल कशाने वाढतं ते शोध. महिनाभर संध्याकाळी एक तास दिलास तर चयापचय अभियांत्रिकीचं इतकं आकलन येईल की पाठ्यपुस्तकाची दोन प्रकरणं सोपी वाटतील.

आता वडिलांची डिस्टिलरी. तू तिचा उल्लेख अडचण म्हणून केलास, पण माझ्या मते तुझ्या अर्जातली तीच सगळ्यात वजनदार गोष्ट होऊ शकते. सिंथेटिक बायोलॉजीच्या कंपन्या बुडतात त्या बहुधा डिझाइनमुळे नव्हे, तर लॅबमधला जीव मोठ्या टाकीत तग धरत नाही किंवा परवडत नाही म्हणून. आणि मोठ्या टाकीत काय होतं, हे तुझ्या घरात रोज रात्री जेवताना बोललं जातं.

वडिलांबरोबर एक हिशेब करायला बस. एक टन सी-हेवी मळीत (साखर काढून शेवटी उरलेल्या मळीत) आंबवण्याजोगी साखर ४० टक्के धर, म्हणजे ४०० किलो. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल, हे रसायनशास्त्राने ठरवून दिलेलं, म्हणजे २०४ किलो. घनता ०.७८९ने भागलं की साधारण २५९ लिटर. फर्मेंटेशनची कार्यक्षमता ८८ टक्के असेल तर हातात २२८ लिटर येतात. मग विचार की उरलेले ३१ लिटर गेले कुठे? थोडी साखर यीस्टच्या वाढीला आणि ग्लिसरॉलला गेली, थोडी लॅक्टोबॅसिलसने लॅक्टिक आम्ल करून खाल्ली, थोडी न आंबता वॉशमध्ये (आंबवलेल्या द्रवात) राहिली. व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी (उडून जाणाऱ्या आम्लांचं प्रमाण) वाढली की ते काय करतात, एप्रिल-मेमध्ये कूलिंग पुरत नाही आणि टाकी ३५-३६ अंशांवर गेली की यीस्टचं काय होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं तुला प्राध्यापकही सांगणार नाहीत.

आता तुझ्या क्षेत्राच्या बाजूने बघ. समजा तू जास्त उष्णता सोसणारं यीस्ट बनवलंस, जनुक प्लाझ्मिडवर ठेवलंस. लाख लिटरच्या उघड्या टाकीत त्या प्लाझ्मिडला धरून ठेवायला अँटिबायोटिक घालणार कोण? परवडतही नाही आणि चालतही नाही. म्हणून जनुक क्रोमोसोममध्ये बसवावं लागतं. पुढची अडचण पिढ्यांची. १ मिलिलिटरच्या व्हायलपासून १ लाख लिटरपर्यंत जायचं म्हणजे दहा कोटी पट वाढ, साधारण २७ पिढ्या. बसवलेलं जनुक पेशीवर ओझं टाकत असेल तर एवढ्या पिढ्यांत ते ओझं झुगारणारे म्युटंट पुढे निघून जातात, आणि टाकीत शेवटी तुझं यीस्ट कमी, पळपुटं यीस्ट जास्त. शिवाय असं यीस्ट कारखान्यात वापरायचं तर कॉलेजच्या समितीवर भागत नाही, दिल्लीच्या समित्यांची परवानगी लागते. हे सगळं ज्या विद्यार्थिनीला कळतं ती मुलाखतीत उठून दिसते, कारण बहुतेकांचं ज्ञान शेक फ्लास्कपाशी थांबतं.

तेव्हा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट इथूनच काढ. जनुकबदल नकोच. चार-पाच डिस्टिलरींच्या वॉशमधून यीस्ट वेगळं कर, ३०, ३५, ३८ अंशांवर आणि वाढत्या ब्रिक्सवर (द्रवातल्या साखरेच्या प्रमाणावर) वाढीचे आलेख काढ, उरलेली साखर आणि इथेनॉल मोज. परवानगीसाठी वडिलांच्या हाताने अर्ज दे, नमुने थंड पेटीत आण आणि त्याच दिवशी प्लेटवर घाल. वॉशचा नमुना गच्च झाकणाच्या बाटलीत भरू नकोस, वायू साठून बाटली फुटते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचं काम चालतं, तिथल्या लोकांशीही बोलता येईल.

परीक्षांचं थोडक्यात. चौथ्या वर्षी गेटचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दे. स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि एम.टेक. तसंच काही ठिकाणी थेट पीएचडी असे दोन्ही दरवाजे उघडतो. सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर बी.टेक.वरही देता येतो. जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेसाठी टीआयएफआरची वेगळी परीक्षा असते. एम.टेक. फक्त एकाच कारणासाठी कर: तिथे फर्मेंटेशन किंवा मेटाबॉलिक इंजिनिअरिंगची चालती लॅब आहे आणि वर्षभर प्रबंध करायला मिळतो. मुंबईचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि आयआयटी त्या दृष्टीने बघ. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालीस तर सकाळी मुंबईत, लॅब डोळ्यांनी बघून परत येता येतं. ज्या एम.टेक.मध्ये दुसऱ्या वर्षी ‘रिव्ह्यू आर्टिकल’ लिहून प्रबंध म्हणून देतात, तिथे पाय ठेवू नकोस. राज्याच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. तुला लागू होत असेल ती बघ, पण जाहिरातीचा काळ ठरलेला नसतो, म्हणून जातीची कागदपत्रं आणि लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयर आधीच काढून ठेव.

संस्थेच्या नावापेक्षा लॅब महत्त्वाची. मार्गदर्शकांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर काढ आणि पहिलं नाव कुणाचं आहे बघ. विद्यार्थ्यांची नावं पुढे असतील तर ठीक. तिथून बाहेर पडलेल्या दोघांना गाठ आणि विचार: पीएचडीला किती वर्षं लागली, पाच वर्षांनी फेलोशिप संपल्यावर पैसे कुठून आले, लॅबच्या प्लाझ्मिडांची नोंद एका जागी आहे की प्रत्येकाच्या वहीत? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. ज्या लॅबमध्ये फ्रीझरच्या डब्यावर ‘नवीन, चांगला’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथे नव्या विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने आधीच्याचं क्लोनिंग परत करण्यात जातात.

उन्हाळी कामासाठी तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त फेलोशिप आहे. अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला निघतात, म्हणजे दिवाळीपासून संकेतस्थळावर लक्ष ठेव. त्याशिवाय पुण्याच्या आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्थांमधल्या प्राध्यापकांना थेट ईमेल कर. दीडशे शब्द, जास्त नको. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड’ हे वाक्य काढून टाक. त्यांच्या एका पेपरातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न, तू स्वतः केलेलं एक मोजमाप आकड्यासकट, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, आणि सोबत एक पानी बायोडेटा. दहा जणांना एकच मजकूर पाठवलास तर ते ओळखतात. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण कर.

पुढं काय, हा वडिलांचा खरा प्रश्न आहे आणि तो चुकीचा नाही. अमेरिकेत झायमर्जेन ही कंपनी २०२१च्या एप्रिलमध्ये शेअर बाजारात आली, ऑगस्टमध्ये तिने मुख्य उत्पादनापासून उत्पन्न मिळणार नाही असं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ती विकली गेली. यीस्टमध्ये मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल बनवण्याच्या कामातून उभी राहिलेली अमायरिस २०२३च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून ‘पुढची आयटी क्रांती’ वगैरे भाषणं ऐकून इकडे येऊ नकोस. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२४च्या ऑगस्टमध्ये जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनासाठी बायोई-३ धोरण मंजूर केलं आहे, आणि स्वतःची कल्पना असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान उद्योगसाहाय्य संस्थेच्या बिग योजनेतून १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पण धोरणावर पगार होत नाहीत. पगार होतात ते एन्झाइम, लस, बायोसिमिलर (जैविक औषधांची तुल्य आवृत्ती) आणि जैवइंधनाच्या कंपन्यांत. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे. अशा ठिकाणी क्लोनिंग आणि फर्मेंटर दोन्ही हाताळलेल्या माणसाला मागणी असते, नुसतं क्लोनिंग येणारे भरपूर आहेत. प्राध्यापक व्हायचं तर पीएचडीनंतर बहुधा परदेशात दोन-चार वर्षांचं पोस्टडॉक आणि मग थोड्या जागांसाठी मोठी रांग. हे धरूनच चल.

घरी बोलताना सहा वर्षांची गोष्ट करू नकोस, दोन वर्षांची कर. येत्या उन्हाळ्यात एक लॅब, चौथ्या वर्षी यीस्टचा प्रोजेक्ट आणि गेट, पुढच्या वर्षी नेटचे दोन प्रयत्न. तेवढ्यात फेलोशिपसह जागा मिळाली नाही तर डिस्टिलरी किंवा बायोफार्माच्या क्वालिटी विभागात नोकरी धर, आणि तिथून पुन्हा प्रयत्न करता येतो. आयटीसाठी लागणारं पायथन या वाटेवर आपोआप शिकशील, त्यामुळे तो दरवाजा बंद होत नाही. एमपीएससीचं मात्र स्पष्ट सांग. ती आणि लॅब एकाच वेळी होत नाही, दोन्हींना दिवसाचे आठ-दहा तास लागतात.